पोचा काढलेला हंडा

कचेरीचं फाटक बंद झालं हे मागच्या बायकांना कळलं नाही. त्या ढकलत राहिल्या. माझी थोरली जाऊ पुढं होती, ती हंड्यासकट पडली आणि तिच्या अंगावर आणखी तिघीचौघी पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. ती ओरडली नाही. "हंडा बघ गं," एवढंच म्हणाली.

पाण्यासाठीचा मोर्चा होता तो. निवडणूक जवळ आली होती आणि मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला नळ नव्हता. पक्षाच्या माणसांनी ट्रक आणला, प्रत्येकीच्या हंड्यावर आपल्या चिन्हाचा कागद खळीनं चिकटवला आणि आम्हाला कचेरीवर नेलं. पक्षाशी आमचं काही घेणंदेणं नव्हतं. सासऱ्यानं मेंढरं विकल्यावर आम्ही शहरात आलो, तेव्हापासून दोघे भाऊ मजुरीला आणि आम्ही दोघी जावा पाण्याला. नळ मिळत असता तर आम्ही कुणाच्याही ट्रकमध्ये बसलो असतो.

बायका उठल्या, बाजूला झाल्या, तेव्हा रस्त्यावर नुसते हंडे पडलेले. कुणीतरी ते लिंबाखाली गोळा केले. पुढारी तोवर भाषण उरकून गेला होता. हा माझा, तो तुझा अशी ओढाताण सुरू झाली. मी चौथी शिकलेली, म्हणून एकेक हंडा उचलून त्यावर ठोकलेलं नाव वाचत गेले. सगळी नावं पुरुषांची. लग्नातल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालतात, बापाचं नाहीतर भावाचं. जिच्या बापाचं नाव निघालं ती आपला हंडा घेऊन गेली. जावेच्या हंड्यावर तिच्या भावाचं नाव होतं. हंड्याच्या पोटाला डोकं मावेल एवढा पोचा पडला होता.

सरकारी दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घातलं. घरात लहान पोरं, धुणीभांडी, ते रोज भिजायचं. कंटाळून तिनंच एक दिवस विळीनं कापून टाकलं. हात कोपरात वाकडा राहिला तो राहिलाच. पुढं दोन्ही घरचं पाणी मी आणलं. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. दुसरं कुणी आणणारं नव्हतं.

हात गळ्यात असतानाच तिनं मला हंडा घेऊन शहागंजात तांबटाकडं पाठवलं. पोच्यामुळं पाणी कमी मावत होतं, आणि माहेरचं भांडं तसं ठेवणं तिला बरं वाटेना. तांबटानं हंडा फिरवून पाहिला. "क्या अम्मा, किसके सर पे मारे?" म्हणाला आणि ठोकून पोचा काढून दिला. चिन्हाचा कागद तिनं आधीच भिजवून खरवडला होता. खळीला मुंग्या लागतात.

नळ खूप पुढं आला. पाणी अजूनही येतं तेव्हा येतं, म्हणून हंडा वापरात राहिला.

गेल्या वर्षी कॉलेजचे एक सर घरी आले. शहरातल्या निवडणुकांच्या आणि मोर्चांच्या वस्तू ते एका दालनात मांडणार होते. कागदी बिल्ले, झेंडे, भिंती रंगवायचे डबे, भोंगा, असं बरंच जमलं होतं. हंडा मात्र मिळाला नव्हता. आम्ही हंडा पुढं ठेवला. त्यांनी तो सगळीकडून पाहिला आणि त्यांचा चेहरा पडला. पोचा कुठं आहे, चिन्हाचा कागद कुठं आहे, असं विचारू लागले. मी सांगितलं. त्यावर ते अगदी नम्रपणे म्हणाले की आजी, तसाच पोचा परत पाडून घेतला तर लोकांना समजेल.

जाऊ म्हणाली, "पाडा की. आधी ह्यो हात सरळ करून द्या, मग दोन्ही संगंच मोडा."

सर हसले. मग त्यांनी तिचा हात पाहिला. पोच्याचा विषय त्यांनी परत काढला नाही.

हंडा द्यायला ती तयार झाली, पण एक अट घातली. त्याच्यापुढं जे लिहाल त्यात माझं नाव घाला. हंड्यावर भावाचं, घरावर नवऱ्याचं, निदान तिथं तरी माझं असू दे. सर हो म्हणाले.

दालन उघडलं त्या दिवशी आम्ही रिक्षानं गेलो. हंडा चिंचेनं घासून दिला होता, काचेत चमकत होता. मागं पुढाऱ्याचा मोठा फोटो, त्याखाली त्याचं नाव. हंड्यापुढं एक चिठ्ठी होती. जावेला वाचता येत नाही. मी वाचून दाखवली. पाण्यासाठीच्या मोर्चातला हंडा, मोर्चात एक महिला जखमी झाली होती.

"एक म्हंजी कंची?" तिनं विचारलं.

मी सरांना बोलावलं. ते ओशाळले. एकीचंच नाव लिहिलं तर त्या मोर्चातल्या बाकीच्या बायका विचारतील, आमचं का नाही, असं म्हणाले.

"इचारायला ऱ्हायलंय कोण, सर?" जाऊ म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "उचल गं."

सरांनी स्वतःच काच उघडून दिली. माझे गुडघे गेलेले, तरी उचलला. तिचं ओझं उचलायची मला सवय आहे. सर फाटकापर्यंत आले. नवीन चिठ्ठी करून घेतो म्हणाले. झाली की कळवा, मग हंडा न्या, असं मी त्यांना सांगितलं. अजून कळवलेलं नाही. हंडा मोरीत भरलेला आहे.

त्या दिवशी ट्रकमध्ये आमच्या गल्लीतली एकूण एक बाई होती. त्यातल्या आता दोघी जिवंत आहेत. ती आणि मी.