आधी कुठला भाग दाखवायचा

ताईच्या बाळंतपणासाठी आई तीन महिने मुंबईला गेली आणि मालवणच्या घरात मी आणि बाबा असे दोन मुके उरलो. भांडण नव्हतं. फक्त आमचं सगळं बोलणं आईमार्फत चालायचं. समोरासमोर जेवायला बसलो तरी बाबा तिलाच म्हणायचे, "विचार तेका, पंप बंद केल्यान काय?" बाबांनी जन्मभर बस चालवली. 'चालकाशी बोलू नये' ही पाटी निवृत्तीनंतरही त्यांनी उतरवली नव्हती.

पहिला आठवडा बांगड्याचं तिखलं आणि पंख्याचा आवाज यांवर निघाला. मग मला सुचलं, सोबत पिक्चर बघू. माझ्याकडे अंतराळातल्या लढायांची सात भागांची मालिका होती. तिच्यावर मी शाळेपासून जीव टाकत आलोय. बाबा म्हणाले, "एक बघतंय. आवडलो तर फुडचो." एवढं बोलले, म्हणजे भाषणच झालं.

पण याचा अर्थ संधी एकच. आणि मालिका काढणाऱ्यांची अक्कल अशी, की तिसरा भाग पहिल्याच्या आधी घडतो आणि पाचव्यात मेलेले सगळे तरुण होऊन परत येतात. आले त्या क्रमाने दाखवावे, तर पहिल्यातली यानं पत्र्याच्या डब्यांसारखी दिसतात. बाबा हसले की संपलं. घडलं त्या क्रमाने दाखवावे, तर चौथ्यातलं गुपित आधीच फुटतं. दोन दिवस मी कागदावर बाण काढत बसलो. बारावीला एवढा अभ्यास केला असता तर आज घरी बसून दुसऱ्यांच्या वेबसाइट दुरुस्त करत नसतो. शेवटी ठरलं: आधी दुसरा, कारण मारामारी जास्त; मग चौथा; मग मागे वळून तिसरा. बाकी देवाच्या हवाली.

शनिवारी संध्याकाळी चहा-खारी घेऊन बसलो. पडद्यावर नावं सुरू झाली आणि बाबांनी हात वर केला. "थांब. शेवटाक काय होता?"

"तां आदी सांगितलंय तर मजा जातली."

"गोष्टच म्हायत नाय तर मजा येतली खंयसून? दशावतारात शेवट कोणाक म्हायत नसता? तरी लोक बसतत मां?"

माझे सगळे बाण पाण्यात. चरफडत मी पिक्चर थांबवला आणि गुपित सांगून टाकलं: तो दुष्ट सेनापती राणीचाच मुलगा. बाबा सरसावून बसले. "तेचो बापूस कोण?" बाप सांगितला, तर त्याच्या आईचं माहेर कुठलं. आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी विचारतात, तेच सगळं. एका गंजक्या यंत्रमानवाचंही गाव विचारलं. मला ठाऊक नव्हतं, मी आंबोली ठोकून दिलं.

"म्हणान गंजलो," बाबा म्हणाले. आंबोलीचा पाऊस त्यांनी बसच्या काचेतून पुरेसा पाहिला होता.

रविवार गेला, सोमवार गेला, पिक्चर नावांपाशीच अडकलेला. मी जेवताना सांगत होतो, मासे साफ करताना सांगत होतो, आणि राणीच्या चुकांसाठी बाबा मला शिव्या घालत होते. मला इतका आनंद झाला होता की लाज वाटावी.

मंगळवारी आईचा फोन आला. घरात दोघे गप्प बसून असतील, ही तिची रोजची धास्ती. बाबांनी फोन उचलला, तिचं अर्धं वाक्य ऐकलं आणि म्हणाले, "मगे कर गो. आमी बोलतंव."