उजवीकडे वळणारा चेंडू

सबनीसकाकू मला पहिल्यांदा दिसल्या त्या आमच्या फाटकाबाहेर, हातात गोल्फची काठी घेऊन. रविवारची सकाळ होती. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. कुंपणावरून काहीतरी सण्णकन आलं आणि जास्वंदीच्या कुंडीवर आपटलं. कुंडी फुटली. मी घाबरून बाहेर आले, तर समोर साठी ओलांडलेल्या, उंच, सडपातळ बाई उभ्या. पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट.

"माझा चेंडू आलाय का गं तुमच्यात?" त्यांनी विचारलं. मग कुंडीकडे बघून म्हणाल्या, "आलाय म्हणायचा. जरा सरळ जाईल तर शपथ!"

संध्याकाळी त्या नवी कुंडी घेऊन आल्या. तशी आमची ओळख झाली.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. नवीन पनवेलमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. रो-हाऊसच्या दोन रांगा, आणि त्यापुढे मोकळे प्लॉट, गवत, डबकी, चरणाऱ्या म्हशी. माझा नवरा शेखर न्हावा शेव्याला बंदरात कामाला होता. त्याच्या पाळ्या अशा, की रविवारी तो घरी असेलच असं नाही. मी तेव्हा घरीच असे. ओळखीचं कोणी नव्हतं. काकू आमच्या रांगेच्या टोकाला राहायच्या, एकट्याच. त्यामुळे आमच्या दोघींचे रविवार सारखेच रिकामे होते.

त्यांचे यजमान एका रसायनांच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. हयात चेंबूरला गेली. निवृत्तीनंतर इथे घर घेतलं, आणि सामान लावून होतं न होतं तोच ते गेले. मूलबाळ नव्हतं. घरात त्यांच्या मागे राहिली ती गोल्फची पिशवी.

"दर रविवारी सकाळी ही पिशवी खांद्याला लावून हे क्लबात जायचे," काकू सांगत. "जेवायच्या वेळेला परत. मी कधी म्हटलं, मी येऊ का, तर म्हणायचे, तुला काय कळणार त्यातलं? मग मी घरी. पुरणाचा घाट घातला तरी खाणारं कोणी नाही दुपारपर्यंत. आता ते नाहीत, तर म्हटलं, इतकी वर्षं हा माणूस माझ्याजवळून उठून कशासाठी जात होता, ते तरी बघू."

म्हणून त्या खेळायला लागल्या. शिकवायला कोणी नव्हतं. नवऱ्याच्या कपाटातलं एक चित्रांचं पुस्तक होतं, त्यात बघून त्या उभ्या राहायच्या. पिशवीत बऱ्याच काठ्या होत्या, पण त्यांना प्रेम एकीचंच. लांब पल्ल्याचा पहिला फटका मारतात ती, ड्रायव्हर म्हणतात तिला. जुन्या पद्धतीची, मुठीएवढ्या लाकडी डोक्याची. मोकळ्या प्लॉटवर उभ्या राहून काकू ती सगळ्या ताकदीनिशी फिरवायच्या. चेंडू सरळ सुटायचा, थोडा वेळ आशा दाखवायचा, आणि मग हवेतच उजवीकडे वळून भलतीकडे जायचा. दर वेळी. उजवीकडे आमचं घर होतं, आणि त्यापलीकडे आत्माराम पाटलांच्या म्हशी.

आत्माराम पाटील जवळच्या गावातले. त्यांची जमीन वसाहतीत गेली होती, तरी म्हशी त्याच जमिनीवर चारायला आणत. ते एकदा काकूंना म्हणाले, "काकी, माज्या म्हशी पन शान्या झाल्या. तुमी काठी उचलली का उजवीकडं कोन बसत नाय."

काकू हसल्या नाहीत. गंभीरपणे म्हणाल्या, "त्यांना कळतं, मला कळत नाही."

अशा बोलायच्या त्या. स्वतःची कीव त्यांना करता येत नसे. मी कधी हळवं होऊन विचारलं, "एकटं वाटत नाही का हो?" तर म्हणायच्या, "वाटतं ना. वाटतं आणि मग जातं. परत वाटतं." आणि भाजी निवडायला घ्यायच्या.

पण एका गोष्टीत त्या रमायच्या, वागळ्यांच्या किश्श्यांत. वागळे म्हणजे यजमानांचे क्लबातले मित्र. रविवारी जेवताना सबनीस त्यांच्या गोष्टी सांगत. वागळे आज तळ्यात कसा पडला, चहावाल्याशी कसा भांडला. काकूंनी वागळ्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचे विनोद सगळे पाठ होते. मलाही सांगून सांगून पाठ झाले. सांगताना काकू सबनीसांसारखा आवाज काढायच्या. शेवटी स्वतःच हसायच्या.

पुढच्या दिवाळीत त्यांचा भाचा दुबईहून आला. त्याने आत्यासाठी नवा ड्रायव्हर आणला होता. मी फराळाचं ताट घेऊन गेले होते, म्हणून मला ते दृश्य बघायला मिळालं. जुन्याच्या दुपटीहून मोठं डोकं, धातूचं, चकचकीत.

"आत्या, उजवीकडे जातो म्हणालीस ना फोनवर? जगात निम्म्या लोकांचा जातो," भाचा समजावून सांगत होता. "म्हणून आता असे काढायला लागलेत. आतून पोकळ, म्हणून एवढं मोठं करता येतं. वजन कडेला नेलंय, दांड्याच्या बाजूला जरा जास्त. त्यामुळे फटक्याच्या वेळी तोंड तिरकं राहिलं तरी सरळ व्हायला बघतं. चेंडू मधोमध बसला नाही तरी फारसा भरकटत नाही. फरगिव्हिंग म्हणतात याला."

"म्हणजे?"

"म्हणजे सांभाळून घेणारा."

काकूंनी ते भलंमोठं डोकं हातात घेतलं, बोटाने वाजवून पाहिलं. "चूक मी करायची आणि सांभाळून याने घ्यायचं? नको बाबा. यांनी त्या जुन्या लाकडानेच खेळ केला, मीही त्यानेच करीन."

भाचा गेला. नवा ड्रायव्हर दाराआड उभा राहिला. थंडी सरत आली तेव्हा एका रविवारी त्यांनीच मला हाक मारली. "ये गं जरा. तो घरात नुसता उभा आहे. पाहुण्यासारखा वाटतो. एकदा मारून टाकते."

पहिल्याच फटक्याचा आवाज निराळा आला, पातेल्यावर पळी मारावी तसा. चेंडू उडाला. मी सवयीने उजवीकडे बघत होते, तिथे काही दिसेना. तो समोर होता. वळला, पण जरासाच, आणि दूर गवतात पडला. काकू काठी खांद्यावर तशीच धरून उभ्या होत्या.

"पाहिलंस?" त्या म्हणाल्या.

"पाहिलं."

"बरं झालं तू होतीस. नाहीतर कोणाला सांगितलं असतं?"

मग त्यांच्या मनाने घेतलं, की असा एक फटका नवऱ्याच्या क्लबात मारायचा. फोन केला. दिवंगत सभासदाची पत्नी म्हणून तिथल्या लोकांनी सरावाच्या मैदानावर यायची परवानगी दिली. रविवारी आम्ही दोघी एसटीने निघालो. काकूंनी ठेवणीतली साडी नेसली होती. वागळ्यांसाठी चकल्यांचा डबा घेतला होता. वाटेत दोनदा म्हणाल्या, "ओळखतील ना गं ते मला? यांनी माझ्याबद्दल काही सांगितलं असेल की."

वागळे भेटले. व्हरांड्यात बसले होते. गोरेपान, सौम्य, हळू बोलणारे गृहस्थ. काकू ओळख सांगून म्हणाल्या, "तुमचे किस्से ऐकून ऐकून हसून मुरकुंडी वळायची हो आमची. ते तळ्यात पडलात ते!"

वागळे गोंधळले. "मी? तळ्यात?" त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "सॉरी वहिनी, तुमची काहीतरी गल्लत होतेय. इथे तळं नाही. आणि सबनीसांशी माझं तसं... म्हणजे गुड मॉर्निंग व्हायचं."

काकूंच्या हातात डबा तसाच राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

"मग कोणाबरोबर खेळायचे ते?" काकूंनी विचारलं.

वागळे अवघडून म्हणाले, "सुरुवातीला यायचे आमच्यात. पण त्यांचा चेंडू नेहमी उजवीकडे झाडीत जायचा. शोधण्यात वेळ जातो, मागचे लोक खोळंबतात, कुरकुर करतात. कोणी तोंडावर काही बोललं नाही. पण मग तेच येईनासे झाले. तिकडे सरावाच्या मैदानाच्या कडेला एकटेच मारत बसायचे. शेवटपर्यंत. वहिनी, आम्ही बोलवायला हवं होतं."

"चहाला तरी बसायचे का तुमच्यात?"

वागळ्यांनी नकारार्थी मान हलवली.

काकूंनी डबा त्यांच्यापुढे ठेवला. "घ्या. तुमच्यासाठीच केल्या होत्या," असं म्हणून त्या मैदानाकडे चालू लागल्या. कडेला एक जागा होती, गवत तुडवून तुडवून माती उघडी पडलेली. ती सबनीसांचीच होती की कोणाचीही, कोण सांगणार? काकू तिथे उभ्या राहिल्या. नव्या काठीने एक फटका मारला. चेंडू सरळ गेला, पनवेलला कधी गेला नव्हता इतका सरळ. व्हरांड्यातून वागळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. काठी पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "चल."

परतीची एसटी वाशीच्या पुलावर आली. काकू खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला वाटायचं, मला टाकून मजा करायला जातात. मी रागावून बसायची, जेवायला वाढताना भांडी आपटायची. आणि हा माणूस तिथे एकटा उभा. घरी येऊन मला वागळ्यांच्या गोष्टी रचून सांगायचा."

"पण मग जात का राहिले, काकू? घरी का नाही बसले?"

"लाज वाटली असेल गं. मला कसं सांगणार, की तिकडे मला कोणी घेत नाही?" मग म्हणाल्या, "मला नेलं असतं तर मी बसले असते की बाकावर. मला कुठे खेळातलं कळत होतं? चेंडू कुठे गेला याने मला काय फरक पडणार होता?"

तेव्हा त्या रडल्या. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच.

नंतर बरेच आठवडे काकू आमच्या पुढच्या मोकळ्या प्लॉटवर दिसल्या नाहीत. वागळ्यांचे किस्सेही पुन्हा कधी निघाले नाहीत. वागळ्यांचा एकदा फोन आला होता, रविवारी आमच्यात खेळायला या म्हणून. काकूंनी नम्रपणे नको म्हटलं. आत्माराम पाटलांनी मला विचारलंसुद्धा, "काकी आजारी हायेत काय?" मी नाही म्हटलं.

पुढे शेखरला रत्नागिरीला नोकरी मिळाली आणि आम्ही पनवेल सोडलं. पहिली काही वर्षं काकूंचा दिवाळीला फोन यायचा. मग एका वर्षी भाच्याचा आला. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत, म्हणाला. शेजाऱ्यांना संध्याकाळी कळलं.

मला मात्र त्या आठवतात त्या आम्ही निघायच्या आधीच्या रविवारी. सामान बांधून झालं होतं. खिडकीतून पाहिलं तर काकू गवतात उभ्या. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी दोन्ही काठ्या आणल्या होत्या. आधी नव्या ड्रायव्हरने एक चेंडू मारला. तो समोर गेला. मग जुनी लाकडी काठी घेतली आणि दुसरा मारला. तो नेहमीसारखा वळला आणि लांब झुडपांत दिसेनासा झाला.

"आता सरळ जातो ना, मग ही कशाला?" मी विचारलं.

"हा यांचा," त्या झुडपांकडे हात करून म्हणाल्या. "तो समोरचा माझा. हल्ली दोन मारते."

पदर पुन्हा खोचून त्या निघाल्या, झुडपांच्या दिशेने. मी म्हटलं, "काकू, समोरचा जवळ आहे, तो आधी घ्या ना."

"माझा कुठे पळतोय?" त्या चालता चालता म्हणाल्या. "यांचा शोधायला वेळ लागतो. आणि इथे मागे कोणी खोळंबलेलं नाही."