पायाळूच्या कमरेत उसण

मी पायाळू आहे. म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय पुढे करून आलो, आणि त्यानंतर आयुष्यात कशातही पुढाकार घेतला नाही. तशी गरजच पडली नाही. कमरेत उसण भरली की पायाळूची लाथ खावी, असं आमच्याकडे सगळे मानतात, आणि चौसाळ्याच्या आसपास पायाळू म्हटलं की माझंच नाव निघतं. माणूस आमच्या ओसरीवर पालथा पडतो, मी उजव्या पायानं त्याच्या कमरेला हलकेच लाथ मारतो, तो कण्हत उठतो, "लई हलकं वाटतंय" म्हणतो आणि चहा पिऊन जातो. (चहा आमचाच. या कामात मिळकत काही नाही, नुसता मान.) ज्यांच्याशी आमचं बांधावरून भांडण आहे, तेसुद्धा माझ्यापुढे मुकाट पालथे पडतात. याहून मोठा मान मला तरी माहीत नाही.

अशा माणसाची कमर एका बोकडामुळे गेली.

त्या दिवशी बोकड नेकनूरच्या बाजाराला न्यायचा होता. माझा मेव्हणा नवनाथ त्यासाठी लिंबागणेशहून पिकअप घेऊन आला होता. तो म्हणाला, "दाजी, थांबा, दोघं मिळून उचलू."

"सरक बे. कमरेचं तू मला शिकवतो का?"

मी वाकलो, बोकड कवेत घेतला, आणि नेमका त्याच क्षणी बोकडानं बाजार रद्द केला. त्यानं असा हिसडा दिला की माझ्या कमरेत कट्कन आवाज झाला. बोकड गोठ्याकडे गेला आणि मी जमिनीवर गेलो.

मला उचलून ओसरीवर सतरंजीवर पालथं टाकण्यात आलं. माय शेजारी बसली आणि काळजीनं म्हणाली, "आता रं? तूच पायाळू. तुला कोन लाथ मारायचं?"

प्रश्न बिनतोड होता. पलीकडच्या गावात आणखी एक पायाळू होता, पण मी त्याच्यापुढे पालथा पडलो असतो तर माझ्याकडे पुन्हा कोण आलं असतं? मग मी स्वतःच स्वतःला लाथ मारून पाहिली. टाच कमरेपर्यंत पोचली नाही, आणि होती ती कमर आणखी धरली. पण पडल्या पडल्या माझं डोकं मात्र झकास चालत होतं. गुण माझ्या पायात आहे. पाय दिवसभर चपलेत असतो. म्हणजे इतक्या वर्षांत गुण चपलेत उतरलेला असणारच! तेव्हा माझी चप्पल दुसऱ्या कुणी तरी पायात घालायची आणि मला लाथ मारायची.

"दाजी, डोस्कं हाय बरं का तुमाला," नवनाथ म्हणाला. (मला हुशार समजणारा घरातला हा एकमेव माणूस.)

पण त्याचा पाय माझ्या चपलेत मावेना. माय म्हणाली, "पोटच्या लेकराला लाथ मारू व्हय?" राहिली माझी बायको, सुमन.

"म्या न्हाई बाई. नवऱ्याला लाथ? लोक काय म्हणतील?"

"लोक कुठं हायेत इथं? मार. भिऊ नको."

तिनं चप्पल घातली, पदर खोचला आणि पहिली लाथ इतकी संकोचून मारली की ती लागल्याचं मला कळलंसुद्धा नाही.

"आणखी जोरात," मी म्हणालो.

दुसऱ्या लाथेत आमचा सगळा संसार आला. कमरेतून जी कळ निघाली ती मांडी, पोटरी करत थेट अंगठ्यापर्यंत गेली. मी गुरासारखा ओरडलो. आणि तेवढ्यात दारात नामदेव उभा. चौसाळ्याच्या स्टँडवर त्याचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर उभं राहून त्याच्या कमरेत उसण भरली होती, म्हणून तो बिचारा माझी लाथ खायला आला होता. त्यानं पाहिलं ते असं: मी पालथा पडून बोंबलतोय, आणि सुमन पदर खोचून, माझीच चप्पल घालून, पुढच्या लाथेसाठी पाय उचलून उभी आहे.

"चालू द्या वैनी," नामदेव नम्रपणे म्हणाला. "म्या मागून येतो."

केस कापायच्या दुकानातून बातमी कशी पसरते ते सांगायला नको. संध्याकाळी नवनाथ स्टँडवरून तोंड पाडून आला.

"दाजी, आक्कानं तुमाला चपलीनं हाणलं, आसं म्हणायलेत सगळे."

"चपलीनं न्हाई. चप्पल घालून."

"त्ये म्या सांगितलं. तवापासून जास्तच हसायलेत."

दुसऱ्या दिवशी मात्र माझं हसणं, रागावणं सगळंच थांबलं. उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या आणि पाय टेकवला की कळ डोक्यात जात होती. ज्या पायावर माझं नाव उभं होतं तोच पाय जाणार, असं मला वाटलं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. नवनाथनं मला पिकअपमध्ये बोकडाच्याच जागेवर आडवं घातलं, सुमनला पुढे बसवलं आणि बीडला नेलं.

डॉक्टरांनी माझा पाय वर उचलून पाहिला, फोटो काढायला लावले आणि विचारलं, "काय उचललं होतं?"

"बोकड."

"त्यानंतर काही झालं?"

"लाथ बसली."

"बोकडाची?"

"न्हाई, माझी," सुमन म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सुमनला जरा बाहेर बसायला सांगितलं, दार लोटलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच विचारलं, "घरी काही त्रास आहे का तुम्हाला? मोकळेपणानं सांगा." त्यांना पायाळू हा प्रकार समजावून सांगायला बराच वेळ लागला. सगळं ऐकून ते म्हणाले, "मणक्यांमधली गादी सरकलीय. ऑपरेशनची गरज आज तरी दिसत नाही, अशी दुखणी बहुतेक वेळा त्याशिवायच बरी होतात. पण वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि नुसतं लोळतही राहायचं नाही. रोज चालायचं, व्यायाम करायचा. पायातली ताकद गेली किंवा लघवीची काही तक्रार झाली, तर तडक इकडे यायचं."

"आणि लाथ?"

"कुणीही, कुणालाही, कसलीही नाही."

मग सुमननं माझा ताबा घेतला. मी पाण्याची बादली उचलायला गेलो की ती डोळे वटारायची. रोज सकाळी सतरंजीवर पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची, हा माझा व्यायाम. एक करडू त्या वेळी न चुकता येऊन माझ्या तोंडासमोर उभं राहायचं आणि मी नेमकं काय शोधतोय ते बघायचं. आधी अंगणातल्या अंगणात चाललो, मग वेशीपर्यंत. हळूहळू पायाची कळ पोटरीत आली, तिथून मांडीत, आणि काही आठवड्यांनी एके दिवशी शेताच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो तेव्हा ती कुठेच नव्हती. मी ओसरीवर बसून लहान मुलासारखा रडलो.

त्याच सुमारास नामदेव आला, कमरेवर हात ठेवून.

"आण्णा, बरं झालं म्हनं?"

"एकदम. पड पालथा." (डॉक्टरांचं म्हणणं मला आठवत होतं. पण हलकेच एक लाथ मारली तर काय होणार होतं?)

"तुमी नगं. वैनी हायेत का?"

"वैनी कावून?"

"आण्णा, तुमी पायाळू. तुमाला सोताला ज्यांच्या लाथेनं गुण आला, त्यांची लाथ केवढी आसंल?"

मी त्याला गादी सांगितली, मणके सांगितले, व्यायाम सांगितला. त्यानं निवडणुकीचं भाषण ऐकावं तसं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्ये बरूबर हाय. पर वैनी कुठं हायेत?"

सुमन बाहेर आली. "मारीन की लाथ," ती म्हणाली. "पर आदी महिनाभर ह्यांच्यासारखा व्यायाम करायचा, चालायचं, वजन उचलायचं न्हाई. पाय बधिर झाला तर बीडला डॉक्टरकडं पळायचं. एवढं करूनबी दुखलं, तर या. मारते."

लाथ खायला नामदेव परत आला नाही, नारळ घेऊन आला. वैनीच्या लाथेत एवढी ताकद आहे की ती न मारताच गुण येतो, हे त्यानं तोवर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगून झालं होतं. आता आमच्या ओसरीवर पूर्वीपेक्षा जास्त माणसं असतात. सुमन खुर्चीत बसून विचारपूस करते, आणि व्यायाम कसा करायचा ते दाखवायला सतरंजीवर मी असतो. परवा लिंबागणेशचा एक पाहुणा आला. मला पालथं पडलेलं बघून तो जवळ वाकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "आत्ताच मारलं का वैनीनं?"

"न्हाई हो," मी म्हणालो. "मला आता तिनं नुसतं बघितलं तरी गुण येतो."