भंडारदऱ्यामार्गे नगर

नव्या घराच्या उंबऱ्यावर लहान मूल रडलं तर ते घर लाभत नाही, हा नियम माझ्या नणंदेनं काढला. ती पुण्याला असते आणि तिला नियम मोबाईलवर येतात. सासूबाईंनी तो ताबडतोब मानला, कारण त्यांनी तो याआधी कधी ऐकलाच नव्हता. न ऐकलेला नियम मोडला तर जास्त बाधतो, असं त्यांचं मत आहे.

देवळाली प्रवराजवळच्या मळ्यातलं घर सोडून आम्ही नगरला राहायला चाललो होतो. शहराचं नाव आता बदललं आहे, पाट्याही बदलल्या आहेत. पण टेम्पोवाल्याला कुणी नवं नाव सांगितलं नाही. त्याला पोचायचं होतं. मुलगी साडेतीन वर्षांची. मळा, आबा आणि आबांच्या दोन म्हशी एवढंच तिचं जग. आबा म्हणजे माझे सासरे. हे सगळं सोडून निघाल्यावर ती उंबऱ्यावर रडणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

उपायही नणंदेनंच सांगितला, फोनच्या स्पीकरवरून. "तिला सांगा, भंडारदऱ्याला चाललोय, धरण बघायला. पोरगी हसत हसत आत जाईल बघा."

मी म्हणाले, "पण तिला खरंच सांगितलं तर..."

माझं वाक्य तिथंच संपलं. या घरात माझी बरीच वाक्यं तिथंच संपतात. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे माझ्या गप्प बसण्याला इथं लाजाळूपणा म्हणत नाहीत, गर्व म्हणतात. शिवाय मुलीच्या इंग्रजी शाळेसाठी आपण नगरला चाललोय असं जाहीर झालेलं, म्हणजे हे खूळ माझंच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी मी बहुतेक गप्पच बसले असते, पण निदान विचारायचं तरी.

भंडारदरा म्हटल्याबरोबर मुलीनं पाण्यात पोहायची ट्यूब मागितली. राहुरीच्या बाजारातून आणलेली, पिवळी, पुढं बदकाचं तोंड असलेली. आबांनी गाल फुगवून ती फुगवली, तिच्या कमरेत चढवली आणि टेम्पोत सामान भरायला गेले. ते आमच्याबरोबर येणार नव्हते. "म्हशींना कोन बघंल?" एवढंच ते म्हणाले. ते सगळ्यांच्या सोयीचं होतं, म्हणून त्यावर कुणी वाद घातला नाही.

गृहप्रवेश थाटात झाला. सासूबाईंच्या हातात पाण्याचा कलश, नवऱ्याच्या हातात देव, माझ्या हातात मीठ आणि हळद, आणि मधोमध कमरेला बदक लावलेली आमची मुलगी. ती रडली नाही. नणंदेनं व्हिडिओ कॉलवर हे पाहिलं आणि स्वतःचं अभिनंदन करून घेतलं. मग पूर्वेला तोंड करून दूध तापत ठेवलं, ते उतू जाऊ दिलं. ओटा नवा होता म्हणून सासूबाईंनी लगेच फडकं फिरवलं. भरभराट झाली तेवढी पुरे.

मुलगी ओघळणाऱ्या दुधाकडे बघत म्हणाली, "आई, धरन कुटं हाय?"

इथून पुढं घरातल्या प्रत्येकानं आपापल्या कुवतीप्रमाणे धरण बांधलं. नवरा म्हणाला, आज धरणाला सुट्टी असते. सासूबाई म्हणाल्या, अजून पानी सोडलं न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला गच्चीवर नेलं आणि काळी प्लास्टिकची टाकी दाखवली.

"हे बघ धरन. केवढं मोठं हाय."

मुलीनं टाकीवर थाप मारून पाहिली. "आज्जी, ही टाकी हाय."

"आगं, त्यात धरनाचंच पानी हाय. येकच झालं."

हे खोटंही नव्हतं. फक्त धरण दुसरं होतं.

शेजारच्या काकू ओळख करून घ्यायला आल्या. घरात बदक लावून फिरणारी मुलगी बघून त्यांनी विचारलं, "स्विमिंगच्या क्लासला घातलंय वाटतं?" सासूबाई इतक्या सहज "हो" म्हणाल्या, की माझीही मान हलली. काकू जाईपर्यंत मला वाटत होतं, क्लास खरंच कुठंतरी असेल.

मुलगी ट्यूब काढायला तयार होईना. सहल संपली नव्हती ना. जेवायला बसली तर बदक ताटात चोच घालायचं. कपड्यांची पिशवी तिनं दाराशी ठेवली होती, मला कपाटात लावू देत नव्हती. "आपन परत जानार हाय," ती म्हणायची. संध्याकाळ झाली की चपला घालून दाराशी उभी. "धरन न्हाई तर न्हाई. चला, घरी चला." नवऱ्यानं याचा व्हिडिओ काढून बहिणीला पाठवला. तिकडून हसण्याची चित्रं आली.

मला हसू आलं नाही. सकाळी तिला दूध देताना मी म्हणाले होते, "गरम आहे, थांब." तिनं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि मग कपात बोट घातलं. चटका बसला. ओठ दाबून तिनं तो सहन केला आणि म्हणाली, "व्हय. गरम हाय."

मळ्यात असताना ती माझ्या शब्दावर थांबत असे. भंडारदऱ्याचं नाव मी एकदाही काढलं नव्हतं. पण तिच्या दृष्टीनं, गप्प बसलेलीही त्याच टेम्पोतून आली होती. घर लाभो न लाभो. मी मुळात मोजकं बोलणारी बाई. त्यातलंही या पोरीला खरं वाटेनासं झालं, तर माझ्याकडे उरणार काय?

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागल्यावर मी तिला गुंडाळलेल्या गादीवर बसवलं. "आपण धरण बघायला आलो नाही," मी म्हणाले. "इथं राहायला आलोय. कायमचं."

"मग धरन?"

"ते खूप लांब आहे. राजूरच्याही पुढं. त्याचा रस्ताच वेगळा."

"आत्याला म्हाईत न्हाई?"

"आहे."

"पप्पांना?"

"आहे."

"तुला?"

"मलाही."

ती आता रडणार म्हणून मी तयारीत होते. तिनं विचारलं, "मग मळ्यात कोन हाय?"

"आबा."

"येकटेच?"

हा प्रश्न आमच्या घरात तोवर कुणीच विचारला नव्हता. मी हो म्हणाले. तिनं बदकाचं बूच उपसलं. हवा संपेपर्यंत आम्ही दोघी तो आवाज ऐकत बसलो.

रविवारी सत्यनारायण होता. आबा किटलीभर दूध घेऊन आले. पूजा झाली, पाहुणे प्रसादाला बसले, तेव्हा नवरा आबांना सगळ्यांदेखत म्हणाला, "दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. पोरीची शाळा मार्गी लागली की आपण परत मळ्यात."

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला त्यानं सांगितलं होतं, सहा महिन्यांत आबाही इथंच येतील. स्वतःच्या आईला सांगितलं होतं, तू चार दिवस इथं, चार दिवस तिथं. म्हणजे त्या टेम्पोत बसलेल्या आणि न बसलेल्या प्रत्येकाला एकेक भंडारदरा मिळाला होता. बदक मात्र एकटीलाच.

मुलगी आबांच्या मांडीवर होती, तोंडात शिरा. "आबा, आपन परत जानार न्हाई," ती म्हणाली. "कायमचं इथंच ऱ्हायचं. आईनं सांगितलं. खरं हाय ते."

पाहुणे नव्या फरशीचं कौतुक करू लागले. सासूबाई नको नको म्हणणाऱ्यांना शिरा वाढत सुटल्या. नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चारचौघांत इंग्रजीत बोलले होते.

"व्हय, चिमणे," आबा म्हणाले. "मला बी भंडारदराच सांगितला हुता."

धारेची वेळ होत आली म्हणून ते उठले. मुलीनं चपटं बदक आणून त्यांच्या हातात दिलं. "तुमाला. तुमी येकटे हाय ना." त्यांनी त्याची नीट घडी केली, रिकाम्या किटलीत ठेवली आणि झाकण दाबलं. मग उंबऱ्यापाशी खाली वाकून ते चपला घालू लागले. चपलांना लागतो त्याहून त्यांना जास्त वेळ लागला. पण उंबऱ्यावर रडायचं नाही हा नियम त्यांनीही पाळला.

नणंदेचा फोन आला. "म्हटलं होतं ना, घर लाभणार."

संध्याकाळी मुलीनं पिशवीतले कपडे एकेक करून माझ्या हातात दिले, मी ते कपाटात लावले. मग मी दूध आणलं. "गरम आहे," म्हणाले. ती थांबली. थोड्या वेळानं नवरा येऊन म्हणाला, "पी आता, झालं गार." तिनं कप त्याच्यापुढं सरकवला.

"पप्पा, तुमी बोट घालून बघा."