टाकीतला पहिला श्वास

नाकवाले पाण्याचा पेला हुंगल्याशिवाय कधी तोंडाला लावत नसत. स्वतःच्या घरचासुद्धा नाही. मुलीचं लग्न ठरवायला गेले तेव्हा त्यांनी भर बैठकीत पेला नाकाशी धरला, दोनदा हुंगला आणि मग एक घोट घेतला. मुलाच्या आईचा चेहरा पडला. नाकवाल्यांच्या बायकोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "सवय आहे हो त्यांची," ती म्हणाली. "धंद्याची." ते खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की नाकवाल्यांचा या जगात कोणावर म्हणून विश्वास नव्हता.

धंदा बोटींच्या टाक्या धुण्याचा. धक्क्यावर प्रवासी बोटी लागत. त्यांच्या पोटात गोड्या पाण्याची टाकी असे, आणि तिच्यात कधी गंज धरे, कधी शेवाळ, आणि कधी चुकून तेल जाई. तेल गेलं की नाकवाल्यांना बोलावणं. कारण तेल फार चिवट. पाणी उपसून टाकलं तरी ते भिंतींना धरून बसतं, रबरी पाइपात मुरतं आणि सगळे विसरले की चहातून वर येतं. नाकवाले टाकीच्या तोंडातून आत उतरत. तोंडापाशी एक माणूस बसे आणि अधूनमधून पत्र्यावर टकटक करी. आतून उलट टकटक आली नाही तर कमरेच्या दोरीने ओढून काढायचं. आत फडक्यांनी पुसायचं, मग गरम पाणी आणि साबण, मग पुन्हा पुसायचं, कोपरे बोटांनी चाचपायचे. शेवटी झाकण घट्ट लावून सगळ्यांनी चहा प्यायला जायचं. परत आल्यावर नाकवाले झाकण उघडत, डोकं आत घालत आणि पहिला श्वास घेत. दुसऱ्या श्वासाला नाक सरावतं, म्हणून पहिलाच काय तो खरा, असं त्यांचं म्हणणं. मग डोकं बाहेर काढून एकच शब्द बोलत: "गोडं." तो ऐकल्याशिवाय धक्क्यावरचा कोणताही मालक टाकी भरत नसे. नाकवाले हे नाव पडलं ते त्यामुळे.

अलीकडे मात्र जग जरा जास्तच लबाड झालं होतं. चहाची पूड विकणारा त्यात कसलातरी भुसा मिसळत होता, चहाला चव म्हणून उरली नव्हती. साबणवाल्यांनी गुपचूप सुगंध कमी केला होता. वाण्याची मिरी खोटी निघाली. एकदा दूध उतू जाऊन करपलं, घरभर वास सुटला, आणि नाकवाले शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले.

"अहो, तुम्हाला वास नाही आला?" बायको धावत येऊन म्हणाली.

"येईल कसा? दुधात दूध असेल तर ना!" असं म्हणून त्यांनी दूधवाला बदलला.

या सगळ्या लबाडांत वरचा नंबर होता जावयाचा. तो एका प्रवासी बोटीवर इंजिनाचं काम बघायचा. माणूस अबोल. विचारलं तेवढंच सांगायचा, वाढलं तेवढंच खायचा. एवढं कमी बोलणाऱ्याच्या पोटात नक्की काहीतरी असणार, असं नाकवाल्यांनी लग्नातच ठरवून टाकलं होतं. "शिव्या देणारा परवडला," ते बायकोला म्हणत. "त्याच्या मनात काय आहे ते तरी कळतं." त्या बोटीच्या टाकीत उतरायचं झालं की तोंडापाशी ते दुसऱ्या कोणाला तरी बसवत, जावयाला कधीच नाही. यावरून मुलगी एकदा रडलीही होती. "बाबा, त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?" नाकवाल्यांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला.

आणि नेमकं त्याच बोटीवर हे घडलं. डेकवर पाणी भरायचं तोंड आणि डिझेल भरायचं तोंड शेजारी शेजारी, झाकणंही जुळ्या भावांसारखी. डिझेल भरणाऱ्याने गप्पांच्या नादात नळी पाण्याच्या तोंडात घातली. आरडाओरडा होईपर्यंत जायचं ते गेलं होतं. नाकवाले आले, दिवसभर आत राबले, पहिला श्वास घेतला आणि म्हणाले, "गोडं." मालकाने पाणी भरायला सांगितलं. इंजिनाच्या खोलीच्या दारात उभा असलेला जावई मात्र सासऱ्यांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. नाकवाल्यांनी ते मनात टिपून ठेवलं.

थोडे दिवस बरे गेले. मग एका सकाळी बोटीवरच्या चहावाल्या मावशींच्या चहाला डिझेलचा वास आला. प्रवाशांनी पेले तसेच खाली ठेवले. एका म्हाताऱ्याने तर आपला चहा मालकाच्या अंगावर ओतायचाच काय तो बाकी ठेवला. मालकाने नाकवाल्यांना बोलावून घेतलं.

"टाकी स्वच्छ झाली असं तुम्ही सांगितलंत. म्हणजे नंतर कोणीतरी मुद्दाम घातलंय," मालक म्हणाला. "टाकीच्या झाकणाची किल्ली तुमच्या जावयाकडे असते. मी काही बोलत नाही, नातं तुमचं आहे. तुम्हीच छडा लावा. ज्याचं नाव घ्याल तो उद्यापासून माझ्या बोटीवर नाही. मग तो कोणी का असेना."

खरं तर नाकवाल्यांनी घाबरायला हवं होतं. जावयाची नोकरी म्हणजे मुलीची चूल, आणि ते दोघं राहत ती खोलीही मालकाचीच. पण त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की आपण म्हणतच होतो. चौकशी केली तर कळलं, वास आला त्याच दिवशी जावई रजेवर होता, बायकोला ताप आला म्हणून. बरोबर त्याच दिवशी ताप! बोंब होईल तेव्हा आपण तिथे नको, म्हणजे अंगाला काही लागायला नको. आणि हे सगळं कशासाठी? सासऱ्याचं नाक कापायला, दुसरं कशाला? कुठेतरी पाणी मुरत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच नाकवाले बोटीवर जाऊन दोरखंडाच्या ढिगाऱ्यामागे दबा धरून बसले. गुडघे दुखायला लागले तेव्हा जावई आला. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात फडकं बांधलेली काठी. त्याने चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं, टाकीचं झाकण काढलं आणि वाकला. त्याची पाठ नाकवाल्यांकडे होती. कॅन हलताना तेवढा दिसत होता.

"सापडलात, जावईबापू!" नाकवाले झडप घालून ओरडले आणि त्यांनी कॅन हिसकावून घेतला. मावशी स्टोव्ह पेटवायला आल्या होत्या, त्यांना हाक मारली. "मावशी, या इकडे! साक्षीला या!"

मावशी आल्या. नाकवाल्यांनी कॅनच्या तोंडाशी नाक नेलं आणि सगळ्या धक्क्याला दाखवून द्यावं असा पहिला श्वास घेतला.

काहीच नाही. त्यांनी पुन्हा हुंगलं.

"पाणी," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "हे नुसतं पाणी आहे. बिनवासाचं काय घालत होतात टाकीत?"

मावशींनी नाक दाबून धरलं होतं. "काय चेष्टा करताय सकाळी सकाळी? डिझेल आहे ते! मला इथे उभं राहून मळमळतंय."

नाकवाले कॅनकडे बघत राहिले. वर रंगीत तवंग तरंगत होता. तो डोळ्यांना दिसत होता आणि नाकाला नव्हता. मग त्यांना ते करपलेलं दूध आठवलं, बेचव चहा, खोटी मिरी, साबण. त्या दूधवाल्याचा गोंधळलेला चेहरा डोळ्यांसमोर आला.

"मामांना सर्दी झालीये," जावई मावशींना म्हणाला.

नाकवाल्यांना सर्दी झाली नव्हती. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"तुम्ही गोडं म्हणालात त्याच दिवशी. मला दारापर्यंत वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही ऐकलं असतंत?"

नाकवाल्यांनी कॅन खाली ठेवला.

"रोज सकाळी तवंग टिपून घेत होतो," जावई खाली बघत म्हणाला. त्याच्या तोंडून एवढी वाक्यं सलग नाकवाल्यांनी कधी ऐकली नव्हती. "पाइपातलं पहिलं पाणी सोडून देत होतो. हळूहळू जाईल वाटलं. हिला ताप आला त्या दिवशी जमलं नाही. चुकलंच माझं. लोक ते पाणी पितात."

एवढ्यात मालक फळीवरून बोटीवर आला. त्याने उघडी टाकी पाहिली, कॅन पाहिला, जावई पाहिला. "म्हणजे हाच ना? तुम्ही फक्त सांगा."

जावयाने काठीचं फडकं पिळलं. नाकवाल्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. नाव राहिलं असतं, धंदा राहिला असता. आणि सांगायला लाज वाटते, पण त्यांची मान हलायच्या बेतात होतीही. तेवढ्यात जावयाचे हात दिसले. रोज फडकं पिळून पिळून बोटांची सालं निघाली होती.

"हा नाही," नाकवाले म्हणाले. "मी. टाकीत तेल राहिलं होतं आणि मला ते कळलं नाही. मला वास येत नाही, मालक. गेलं माझं नाक."

मालकाने उघड्या टाकीत डोकावून पाहिलं. मग त्याने फेरी रद्द करायला सांगितलं.

टाकी उपसली. नाकवाल्यांनी दोरीचं टोक आपण होऊन जावयाच्या हातात दिलं आणि आत उतरले. वरून टकटक आली, त्यांनी आतून टकटक केली. या वेळी त्यांनी डोळे मिटून बोटांनी चाचपत शोधलं. पाणी हिंदकळू नये म्हणून टाकीत एक आडवी पट्टी बसवलेली होती. तिच्या मागच्या खाचेत बोटं बुळबुळीत झाली. तेल तिथे दडून बसलं होतं. त्यांनी ते पुसून काढलं, धुतलं, पुन्हा पुसलं. जावयाने जुना रबरी पाइप काढून फेकून दिला आणि नवा जोडला. मग झाकण लावलं. चहाला कोणी गेलं नाही, मावशी रागाने चहा करायला तयारच नव्हत्या.

"पहिला श्वास तुमचा," नाकवाले म्हणाले.

जावयाने झाकण उघडून डोकं आत घातलं. "अजून आहे, मामा."

"नक्की?" संशय काही एका दिवसात मरत नाही.

"आहे."

नाकवाले निमूट पुन्हा आत उतरले. ऊन उतरेपर्यंत हेच चाललं. शेवटी जावयाने डोकं बाहेर काढलं, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "गोडं."

मालकाने सवयीने नाकवाल्यांकडे पाहिलं. नाकवाल्यांनी जावयाकडे बोट दाखवलं. टाकी भरली. जावयाने नळ सोडून पहिला पेला भरला आणि दोन्ही हातांनी सासऱ्यांपुढे धरला. नाकवाल्यांनी तो घेतला. हात सवयीने नाकाकडे निघाला, मध्येच थांबला, आणि मग त्यांनी पेला तसाच, न हुंगता, तोंडाला लावला.