फॉर्मवरचं ‘नाही’

दूध माझ्या जिवावर उठतं, ही गोष्ट मी सासरी सत्तावीस वर्षं लपवली. लहानपणी माहेरी, येवल्याला, वाटीभर बासुंदी खाल्ली आणि घसा आतून मिटत गेला. दवाखाना जवळ होता म्हणून वाचले. लग्न ठरलं तेव्हा आईने बजावलं, "आवडत नाही म्हणायचं. आजार म्हटलं की लोक मागे फिरतात." तेव्हापासून मी कोरा चहा पिते. पूजेचं पंचामृताचं तीर्थ हातावर घ्यायचं, ओठांपर्यंत न्यायचं आणि तोच हात डोक्यावरून फिरवायचा. तळहाताला थोडी खाज सुटते, पण कुणाला पत्ता लागत नाही. नवऱ्याला एवढंच माहीत, की मायलेकींना दूध सोसत नाही. कारण लेकीलाही तेच निघालं, आणि मी तिलाही हीच युक्ती शिकवली. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं होतं.

लेकीचं लग्न महिन्यावर आलं तेव्हा थोरली नणंद पिंपळगावहून येऊन बसली. द्राक्षांचा हंगाम सांभाळून इंजेक्शनं घेऊन स्वतःचं कपाळ गुळगुळीत करून घेतलेली बाई ती. माझ्याकडे बघून म्हणाली, "नवरीच्या आईच्या कपाळावर ही नांगरट? फोटोत लय वाईट दिसंल. चल माझ्यासंगं." मी नाही म्हणायचं नाटक केलं, पण मनातून मला ते हवंच होतं.

गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात तिनेच माझा फॉर्म भरला, कारण चष्मा मी घरी विसरले होते. ती मोठ्याने वाचत होती आणि उत्तरंही स्वतःच देत होती. "कशाची ऍलर्जी? हिला काय नाय, धडधाकट हाय." सुरकुत्यांच्या इंजेक्शनचा आणि दुधाचा काय संबंध, अशी मनाची समजूत घातली आणि सही ठोकून दिली.

आत खुर्चीत आडवी झाले. डॉक्टर तरुण मुलगी होती. कपाळावर तिने पेन्सिलीने ठिपके काढले, गार स्पिरिट फिरवलं आणि सिरिंज हातात घेता घेता सहज बोलली, "फॉर्मवर ऍलर्जी नाही लिहिलंय, तरी मी एकदा विचारतेच. कुठलं औषध? दूध? या इंजेक्शनच्या पावडरमध्ये गाईच्या दुधातल्या प्रोटीनचा अंश राहू शकतो. दुधाची ऍलर्जी असेल तर आम्ही हे देत नाही."

नणंद शेजारच्या स्टुलावर बसून माझी पर्स सांभाळत होती. आत्ता बोलले तर सत्तावीस वर्षांचं खोटं तिच्यासमोर उघडं पडणार होतं. नाही बोलले तर कदाचित काहीच होणार नव्हतं. अंश म्हणजे असा किती असणार? खरं सांगते, त्या क्षणी मला मरणापेक्षा नणंदेची भीती जास्त वाटली. मी मानेने "नाही" म्हणाले. डॉक्टरने माझ्या भुवईजवळची कातडी चिमटीत धरली. सुईचं टोक दिसलं आणि बासुंदीच्या दिवशीचा तो घसा आठवला, श्वास आत ओढते आहे आणि येतच नाही. मी तिचं मनगट घट्ट पकडलं.

"दूध," मी म्हटलं. "दुधाने माझा घसा बंद होतो."

डॉक्टरने सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे सांगितलं, की दुसऱ्या प्रकारचं, दूध नसलेलं इंजेक्शनही असतं, पण आज ती मला कुठलंच देणार नाही. आधी ऍलर्जीच्या डॉक्टरांना दाखवायचं, त्यांची चिठ्ठी आणायची, मग बघू. "काकू, मी हे टोचलं असतं आणि तुमचा श्वास अडकला असता, तर तो कशाने अडकला हे शोधण्यात माझा वेळ गेला असता," ती म्हणाली. ठिपके तिने स्वतः पुसून दिले.

गाडीत बसल्यावर नणंदेने चावी लावली, पण फिरवली नाही.

"मंग मी दर वेळी खरवस पाठवायची, तो?"

"कामवाल्या मावशींना द्यायचे."

ती एकदम माझ्याकडे वळली. "अन् पोरीला? तिलाबी दूध सोसत नाय म्हणता तुम्ही. ते असंच हाय का?"

मी मान हलवली.

"तिच्या सासरी ठावं हाय?"

"नाही."

"येडी का गं तू? पंगतीत जावई श्रीखंडाचा घास भरवील तिला. समदे बघत बसत्याल. काय करंल ती?"

मी तिथूनच लेकीला पुण्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्या सासूबाईंना मी आजच सगळं सांगणार आहे.

"आई, साखरपुड्याला त्यांनी पेढा भरवला होता," ती म्हणाली. "मी गालात धरला आणि बाथरूममध्ये जाऊन थुंकला. तरी ओठ सुजले. घसाही आवळला. गोळी घेतली आणि नळ सोडून बसले, खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून."

त्या दिवशीचा तिचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. ओठ किती छान भरलेले दिसतायत म्हणून मी मेकअपवालीचं कौतुक केलं होतं.

"मला हाक का नाही मारलीस?"

"तूच म्हणाली होतीस ना, कुणाला कळता कामा नये."

नणंदेने माझ्या हातातून फोन घेतला, विहीणबाईंचा नंबर लावला आणि माझ्या कानाशी धरून बसली.