सतरा शेतांची नावं

आखातात फरवानियातल्या क्लिनिकमध्ये मी नर्स होते तेव्हा आमच्या मॅडम आयर्लंडच्या होत्या. कामात कडक, पण माझ्या डब्यातली घावनं मागून घ्यायच्या. त्यांचं गाव म्हणजे आमच्या रत्नागिरीकडच्या वाडीएवढं, अकरा घरांचं. तिथे प्रत्येक शेताला नाव. एका शेतात काटेरी झाड होतं, त्याखाली अदृश्य माणसं राहतात म्हणून कुणी फांदीही छाटायचं नाही.

"आमच्याकडे गावाचा अदृश्य राखणदार असतो, तसंच," मी म्हटलं. त्या दिवसापासून डबे एकत्र उघडू लागलो.

त्यांची नव्वदीची आई सगळं विसरत चालली होती. एका दुपारी व्हिडिओ कॉलवर तिने मॅडमना विचारलं, "तू कोण गं बाई?" मॅडमचा चेहरा उतरला. मी हळूच म्हटलं, "त्यांना शेतांची नावं विचारा ना."

"आई, वरच्या वाटेनं गेलं की पहिलं शेत कुठलं?"

म्हातारी न अडखळता सांगत सुटली. नावं त्यांच्या जुन्या आयरिश भाषेतली. मॅडम इंग्रजीत वाढलेल्या, त्यांना ती लिहिता येईनात. "तू लिही!" त्या म्हणाल्या. मी ड्युटीचा कागद उलटा केला आणि कानावर पडेल तसं देवनागरीत उतरवलं. पार्क ना गॉपल, घोड्यांचं शेत. पार्क अन टबर, विहिरीचं. पार्क ना श्केहे, त्या काटेरी झाडाचं. अशी सतरा.

"शेवटच्यात माझी थोरली पडली होती," म्हातारी म्हणाली. "कपाळावर खूण आहे."

मॅडमनी केस मागे सारले. म्हातारी बघत राहिली. "हो, अश्शीच."

त्या हिवाळ्यात म्हातारी वारली. मॅडमही नोकरी सोडून गावी परतल्या. कागद माझ्याकडेच राहिला, दुसऱ्या कुणाला वाचता येणार होता?

यंदा आखातातच एगैलातल्या माझ्या घरी मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. गावकरी शाळेत जमून शेतांचा नकाशा करत होते आणि काही नावांवरून वाद पेटला होता. मी कागद काढून सावकाश वाचू लागले.

"मम्मा, व्हॉट लँग्वेज इज दॅट?" लेकीने विचारलं. मी हातानेच तिला थांबवलं.

दहाव्या नावाला स्क्रीनवरच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली. "आमचे आजोबा हेच म्हणायचे," तो म्हणाला, आणि मला ते नाव पुन्हा वाचायला लावलं.